शिंगरू लंगडायचं आणि पाय रोज बदलायचा – घरी येणाऱ्या घोड्यांच्या डॉक्टरांचा अनुभव

पुण्याहून गाडीत एक्स-रे मशीन घालून घरी येणाऱ्या घोड्यांच्या डॉक्टर मॅडमबद्दल लिहितोय. त्या एकट्याच काम करतात, हातात आधीच भरपूर केसेस आहेत, नाव नंबर उघड टाकू नका असं त्यांनीच सांगितलं म्हणून टाकत नाही. पण तपासणी कशी झाली, काय काय केलं, पैसे किती गेले हे सगळं लिहितो, म्हणजे कुणाचं लहान जनावर असं काही कारण न कळता लंगडत असेल तर नीट तपासणी म्हणजे काय ते तरी कळेल. मला हे दोन महिने आधी कळलं असतं तर खूप बरं झालं असतं.

आमचं गाव शिरूर तालुक्यात. घरात घोडी आजोबांपासून आहे, वडिलांची घोडी शर्यतीच्या घाटात बैलगाड्यांपुढे पळायची. हे लंगडणारं शिंगरू म्हणजे हरणी, तिला मी सारंगखेड्याच्या यात्रेतून आणली, दत्तजयंतीला तापीच्या काठावर भरते ती. कुमैत म्हणजे तांबूस तपकिरी रंग, पंचकल्याणी म्हणजे चारही पाय आणि कपाळ पांढरं, तेव्हा वर्षाची होती. आणल्या दिवसापासून तिचे लाड, खुराकाला काही कमी नाही, अंगावर चकाकी अशी की येणारा जाणारा थांबून बघायचा.

एप्रिलमध्ये एक दिवस सकाळी सोडली तर डावा पुढचा पाय चोरतेय. सूज नाही, जखम नाही, पाय गरम नाही. वाटलं खडा लागला असेल. नालबंद चाचांना बोलावलं, त्यांनी खूर तासला, तळवा दाबून बघितला, म्हणाले आत पू झाला असेल, दोन दिवस शेका. खुरात पू होणं हे अचानक लंगडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण, त्यामुळे चाचांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. शेकलं, चार दिवसात बरी झाली, आम्ही खूश. मग आठ दिवसांनी पुन्हा. या वेळी एक डॉक्टर आले ते म्हणाले खांदा आहे, इंजेक्शन दिलं, दोन दिवस छान चालली आणि परत तेच. तिसऱ्यांदा दुसरे एक जण आले ते म्हणाले अहो पुढचा नाहीच, मागचा उजवा आहे. गावातल्या एका म्हाताऱ्यांनी डाग द्यायला सांगितलं. ते मी केलं नाही, आणि कुणी करूही नका, तापलेल्या लोखंडाने कातडी जळते, आतलं दुखणं तिथेच राहतं.

मे महिन्यात एका ठिकाणी नेऊन गुडघ्याचा एक्स-रे काढला. तिथे सांगितलं की गुडघ्याच्या वरच्या हाडात बारीक फ्रॅक्चर आहे, सहा महिने बांधून ठेवा. दीड वर्षाचं पोर सहा महिने खुंट्याला! रक्तही तपासलं, कॅल्शियम नॉर्मल आलं. हे कॅल्शियमचं पुढे येतंय, लक्षात ठेवा.

शेवटी अकलूजकडच्या एका घोडेवाल्या मित्राने मॅडमचा नंबर दिला.

फोनवरच त्यांचं वेगळेपण जाणवलं. पहिला प्रश्न, दुखण्याचं औषध किती दिवसांपासून चालू आहे. म्हटलं परवाच इंजेक्शन दिलंय. म्हणाल्या मग आज येऊन उपयोग नाही, औषधाने दुखणं झाकलं जातं, मला लंगडणारा घोडा बघायचाय, बरा दिसणारा नको. औषध बंद करून आठवड्याने तारीख दिली. तोपर्यंत रोज सकाळ संध्याकाळ चालण्याचा व्हिडिओ काढायला सांगितला, समोरून, मागून आणि बाजूने, आणि जुने मोबाईलमधले असतील तर तेही ठेवा म्हणाल्या. शिवाय एक सपाट टणक जागा बघून ठेवा, नालबंद त्या दिवशी हजर असू दे, आणि जनावर नेहमी जे खातं तेच आदल्या दिवशीही घाला, पाहुणे येणार म्हणून बदल करू नका.

जूनच्या मध्यात आल्या. सांगितलेल्या वेळेपेक्षा दोन तास उशीर, हा पहिला दोष, आणि मधे फोन नाही. आम्ही सहा माणसं उन्हात ताटकळत होतो.

आल्यावर मला वाटलं लगेच मशीन काढतील. तर तासभर मशीन गाडीतच. आधी त्या नुसत्या उभ्या राहून हरणीला बघत होत्या, पाय कसा ठेवते, वजन कुठे टाकते, कुठल्या बाजूचा मांसल भाग कमी झालाय का. मग हात. खुरापासून वर, एकेक सांधा, एकेक शीर (कंडरा), पाय जमिनीवर असताना आणि उचलून धरून. घोट्यामागची नाडी बघितली, म्हणाल्या खुरात काही पेटलेलं असेल तर ही नाडी ठणकते, हिची शांत आहे. चिमट्याने खूर सगळीकडून दाबला. पुढच्या नळीच्या हाडाच्या आतल्या बाजूने बोट फिरवत गेल्या, दोन अडीच वर्षांच्या जनावरात तिथे गाठ येते त्याला स्प्लिंट म्हणतात, ती पण नाही. आणि एक गोष्ट जी आधी कुणीच केली नव्हती, दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरला आणि डोळ्यांच्या खाली, गालाच्या हाडावर अंगठे फिरवले. बराच वेळ. काही बोलल्या नाहीत, फक्त मला म्हणाल्या, दादा, तुम्ही बोट ठेवा इथे, दोन्हीकडे सारखं लागतंय ना? हाड थोडं भरल्यासारखं लागत होतं, मला तर ती तिच्या चेहऱ्याची ठेवणच वाटायची.

मग डांबरी रस्त्यावर आधी चालवून, मग दुडकी. इथे त्यांनी मला आणि पुतण्याला समजावून सांगितलं ते फार कामाचं आहे. पुढचा पाय दुखत असेल तर दुखरा पाय टेकताना घोडा मान वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना मान खाली जाते. आपण उलटं समजतो, मान खाली गेली तो पाय दुखतोय असं वाटतं आणि चांगल्याच पायावर उपचार सुरू होतात. मागच्या पायाला मागून बघायचं, ज्या बाजूचा पुठ्ठा जास्त वरखाली होतो तो पाय. मोबाईलवर स्लो मोशन लावून बघितलं तर नवख्या माणसालाही दिसतं. अमेरिकेतल्या घोड्यांच्या डॉक्टरांच्या संघटनेची ० ते ५ अशी एक पट्टी आहे, ० म्हणजे ठीक, ५ म्हणजे पाय टेकवतच नाही, त्यात त्यांनी हरणीला त्या दिवशी डाव्या पुढच्या पायाला ३ दिले. मग गोल फिरवून बघितलं, कडक जमिनीवर आणि मऊ मातीत दोन्हीकडे. मग एकेक सांधा दुमडून मिनिटभर धरायचा आणि सोडल्या सोडल्या पळवायचं, टायमर लावून. गंमत म्हणजे जवळजवळ प्रत्येक सांध्याला ती थोडी थोडी कुरकुरली, एकाही सांध्याला जास्त असं नाही.

मी मधे म्हटलं मॅडम, सुन्न करायचं इंजेक्शन देतात ना, पाय शोधायला? म्हणाल्या देतात, पण तुमच्याकडे फ्रॅक्चरचा रिपोर्ट आहे. खरंच हाडाला चीर असेल आणि मी पाय सुन्न करून पळवलं तर ती दुखणं न कळता पूर्ण जोर देईल आणि चीर असलेलं हाड तुटेल. आधी त्या गुडघ्याची खात्री करू.

तेव्हा कुठे मशीन बाहेर आलं. फिरतं मशीन, फोटो लगेच लॅपटॉपवर. ज्या रेघेला फ्रॅक्चर म्हटलं होतं ती त्यांनी दाखवली, मग उजव्या पायाचा तसाच फोटो काढून शेजारी ठेवला. तिथेही तीच रेघ, त्याच जागी! ती वाढीची रेघ आहे, हाड लांबीला तिथून वाढतं, गुडघ्याच्या वरची ती रेघ साधारण दोन अडीच वर्षांनंतर बुजते. माझ्या बायकोच्या डोळ्यात पाणी आलं, सहा महिने बांधायचं म्हणून ती रोज रडायची. माझं एकच सांगणं आहे, लहान जनावराचा एक्स-रे काढला तर दोन्ही पायांचा काढा, एकाच पायाच्या फोटोवर कुणाचंही ऐकू नका.

त्यानंतर सुन्न करण्याची इंजेक्शनं. खालून सुरुवात, खुराच्या मागच्या भागाच्या वर दोन्ही बाजूंना बारीक सुई, दहा मिनिटं थांबून पेनच्या टोकाने टाचेला टोचून बघायचं लागतंय का, लागत नसेल तर सुन्न झालं, मग पळवायचं. लंगडणं थांबलं तर दुखणं त्या भागात, नाही थांबलं तर एक टप्पा वर. पहिल्याने फरक नाही. दुसरं घोट्याच्या पातळीला, तरीही नाही. मला वाटलं आता तिसरं देतील पण त्यांनी हातमोजे काढले, झाडाखाली बसल्या आणि म्हणाल्या व्हिडिओ दाखवा.

अख्ख्या तपासणीतली सगळ्यात महत्त्वाची वीस मिनिटं हीच होती असं मला आज वाटतं. तारखेप्रमाणे एकेक व्हिडिओ लावला. १२ एप्रिल डावा पुढचा. २५ एप्रिल पुन्हा डावा पुढचा पण मागचाही जरा. ६ मे उजवा मागचा, स्पष्ट. १९ मे उजवा पुढचा!! आम्ही रोज बघत होतो पण दिवसाला दिवस जोडून कधी बघितलं नव्हतं. चाचा त्यांच्या दिवशी बरोबर होते, खांदा म्हणणारे डॉक्टर निदान पायाबाबत बरोबर होते, मागचा म्हणणारेही बरोबर होते. प्रत्येक जण वेगळ्या दिवशी आला, त्या दिवशीचा पाय बघून गेला. मॅडम म्हणाल्या, एका पायाचं दुखणं पाय बदलत नाही. आता मला तोबरा दाखवा.

मला राग आलेला, खरं सांगतो. खुराकाचा आणि लंगडण्याचा काय संबंध, आणि माझ्या घोडीच्या खुराकात कोण खोड काढणार. रामा काकांनी तोबरा आणला, मॅडमनी ताणकाट्याला लावला. सकाळचा दीड किलो गव्हाचा भुसा, म्हणजे गिरणीतून निघणारा कोंडा, संध्याकाळचा दीड किलो, वर हरभरा. आणि हिरव्याला गुरांसाठी लावलेलं हत्ती गवत, संकरित नेपियर, आमच्याकडे सगळ्यांच्या बांधावर असतं ते. काका म्हणाले मॅडम भुसा पोटाला थंड असतो, आमच्यात घोड्याला पहिल्यापासून भुसाच. त्यांनी काकांचं सगळं ऐकून घेतलं, मग शांतपणे सांगितलं.

गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी कमी, साधारण एकाला दहाच्या आसपास उलटं गणित. घोड्याला कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा कमी पडून चालत नाही, निदान बरोबरीने तरी लागतं आणि जास्त असलेलं चांगलं, वाढत्या शिंगराला तर नक्कीच. त्यात हत्ती गवतात ऑक्सॅलेट असतं, ते पोटात असलेलं कॅल्शियमही धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. गाईम्हशींच्या पोटातले जंतू ते ऑक्सॅलेट बरंचसं मोडतात म्हणून त्यांना ते गवत एवढं बाधत नाही, घोड्याचं पोट वेगळं. मग रक्तात कॅल्शियम कमी पडायला लागलं की शरीर ते हाडातून काढतं, कारण हृदयाला आणि स्नायूंना रक्तात ठराविक कॅल्शियम लागतंच. म्हणून रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल! रक्त भरलेलं, हाडं रिकामी होत चाललेली. हाडं मऊ पडली की सांध्यांजवळ, शिरा जिथे हाडाला चिकटतात तिथे दुखतं, आज इथे उद्या तिथे. फार पुढे गेलं की चेहऱ्याची हाडं फुगतात, पूर्वी पिठाच्या गिरणीवाल्यांच्या घोड्यांना हे व्हायचं म्हणून इंग्रजीत गिरणीवाल्याचा रोग असंही नाव आहे.

थोरल्या घोडीला का नाही, मी विचारलं. तिची वाढ संपलीय, तिला भुसा मूठभरच, दिवसभर माळावर चरते.

तरी त्या म्हणाल्या हे अजून माझं अनुमान आहे, खात्री करू. दाताच्या मुळांचा एक्स-रे काढला. निरोगी जनावरात दाताच्या मुळाभोवती एक बारीक पांढरी रेघ दिसते, हरणीच्या फोटोत ती जागोजागी पुसट झालेली. एरवी हाडातलं साधारण ३० टक्के खनिज गेल्याशिवाय साध्या एक्स-रेत काही कळत नाही, म्हणून मुळाशी बघायचं. शिवाय मागच्या पायांचे हॉक (पायाच्या मधला मोठा सांधा) आणि स्टायफल (त्याच्या वरचा, मांडीजवळचा सांधा) यांचेही फोटो काढले कारण या वयात सांध्यातला कूर्चेचा तुकडा सुटण्याचा एक आजार असतो, तो आहे का नाही हे बघायलाच हवं. ते सांधे साफ होते. सर्रा, म्हणजे माश्या चावून होणारा रक्तातल्या जंतूंचा आजार, तो नाही ना म्हणून रक्ताची काचही घेतली.

आणि लघवी. फॉस्फरस किती बाहेर जातोय ते बघायला रक्त आणि लघवी एकाच वेळची लागते. आता घोडीला लघवी कर असं कोण सांगणार! काकांनी तबेल्यात ताजं वाळलेलं गवत पसरलं, तिला आत घेतलं आणि हळू आवाजात शीळ घालत उभे राहिले. पंधरा मिनिटांनी झालं. बरणीत घेतलेली लघवी उजेडात धरली तर पाण्यासारखी स्वच्छ. मी म्हटलं चांगलंय की, एकदम साफ. त्यांनी काकांना थोरल्या घोडीचीही घ्यायला सांगितली, ती गढूळ, तळाला पिठूळ साका. घोड्याची लघवी अशी गढूळच असते, जास्तीचं कॅल्शियम त्यातून बाहेर जातं. हरणीकडे बाहेर टाकायला काही उरलंच नव्हतं. त्या दोन बरण्या ओट्यावर शेजारी शेजारी होत्या तो क्षण मी विसरणार नाही. काकांनी काही न बोलता भुशाचं पोतं उचललं आणि गोठ्यात म्हशींकडे नेऊन ठेवलं.

लॅबचा रिपोर्ट आल्यावर निदान पक्कं झालं. पण रिपोर्ट यायला नऊ दिवस लागले आणि मला दोनदा फोन करावा लागला, हा दुसरा दोष. लेखी रिपोर्टही पूर्ण इंग्रजीत, पुतण्या होता म्हणून वाचला. शेतकरी माणसाला एक पान मराठीत दिलं तर फार बरं होईल, हे मी त्यांना सांगितलंय.

बिल सांगतो. व्हिजिट ३,०००, प्रवास १,८००, सुन्न करायची इंजेक्शनं १,५००, एक्स-रे ९ फोटो ७०० प्रमाणे ६,३००, लॅब १,९००. एकूण १४,५००. प्रवासाचे वेगळे लागतील हे फोनवर सांगितलं नव्हतं, ते आधी सांगायला हवं होतं. रक्कम मोठी आहे, पण आधीच्या दोन महिन्यात इंजेक्शनं, औषधं, गाडीभाडं आणि तो एक एक्स-रे मिळून मी याच्याहून जास्त घालवले होते आणि हाती काही नव्हतं. आणि पूर्ण वेळ मोजला तर त्या सकाळी अकरा ते संध्याकाळी साडेपाच आमच्याकडे होत्या, जेवल्यासुद्धा तपासणीच्या मधे उभ्या उभ्या.

उपचारात एकही महागडं औषध नाही. भुसा बंद, हत्ती गवत बंद. लसूण घास, वाळलेलं मारवेल, थोडं ओट, आणि खाद्याच्या दर्जाची चुनखडीची पावडर, वजनावरून मापून दिलेली. इथे एक सावधान, पानाला लावायचा चुना वेगळा, तो कुणी घालू नका, तोंड आणि आतडं भाजेल. डोसही माझा कॉपी करू नका, आपल्या डॉक्टरकडून घ्या. पळवणं, गोल फिरवणं, पाठीवर बसणं सगळं बंद, छोट्या कुंपणात मोकळी, कारण अशा हाडांवर जोर आला तर ते खरंच तुटू शकतं. मी तिला पुढच्या यात्रेसाठी नाचकाम शिकवायला सुरू करणार होतो. दीड वर्षाच्या पोरीला मागच्या पायांवर उभं करणार होतो, त्या हाडांवर. आता अंगावर काटा येतो.

पाचव्या आठवड्यात चालताना लंगडणं दिसेनासं झालं. आता ऑक्टोबर, दुडकीलाही मान एकसारखी. तरी हाडं पूर्ण भरायला वर्षभराच्या आसपास लागेल असं मॅडमनी सांगितलंय, त्यामुळे अजून पाठीवर कुणी नाही. मधे मी दोनदा व्हिडिओ पाठवले, एकदा त्याच दिवशी उत्तर आलं, एकदा चार दिवसांनी.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा उशीर आणि रिपोर्टचा.

तुमचं शिंगरू असं लंगडत असेल तर डॉक्टर कुठलेही बोलवा, पण तारखेसकट व्हिडिओ काढून ठेवा आणि चंदी म्हणजे खुराक काय, किती, किलोत लिहून ठेवा. "मूठभर" "घमेलंभर" असं नको, मी मूठभर म्हणायचो तो दीड किलो निघाला. दाताचा एक्स-रे पुन्हा जानेवारीत आहे. त्याच्या आधी सारंगखेड्याला एकटाच जाऊन येणार, हरणीसाठी घुंगरांचा पट्टा आणायचाय, तो तिने नुसता उभं राहून घातला तरी चालेल.